अल्कोचा आवाज: परळीतल्या पत्र्याच्या खोलीतून डेकोडरच्या नोंदी

5 जानेवारी 2025

आज काम सुरू केलं. टेबलावर मॉडेल रेल्वेचं, एचओ मापाचं, म्हणजे 1:87 प्रमाणातलं, जुनं सेकंडहँड इंजिन आहे. मूळ अल्को या अमेरिकन कंपनीचं सेंचुरी, सहा आसांचं, लांब बॉनेटचं. सरळ डीसीवर चालणारं आहे, आत डेकोडर, म्हणजे रुळांतून येणारे हुकूम वाचून मोटर आणि दिवे चालवणारी छोटी पाटी, नाही. त्यात इंजिनाचा आवाजही काढणारा साउंड डेकोडर बसवायचा आहे.

अमेरिकन इंजिन का, तर आपल्या रेल्वेच्या जुन्या डब्ल्यूडीएम-2 डिझेलचं इंजिन अल्कोचंच: 251 जातीचं, 16 सिलिंडरचं, 2600 अश्वशक्तीचं. पहिली खेप 1962 मध्ये अमेरिकेहून आली आणि नंतर ती वाराणसीला बनू लागली. त्यामुळे 251 चा आवाज भरलेला डेकोडर घेतला, तर निदान इंजिनाचा आवाज आपल्याकडचाच असेल. वरचं बॉनेट पुढे प्लास्टिक शीटमधून करता येईल. आवाज मात्र शीटमधून कापून काढता येत नाही, म्हणून त्याच्यापासून सुरुवात.

लहानपणी थर्मलचा, म्हणजे गावच्या औष्णिक वीज केंद्राचा, कोळसा घेऊन येणारे रेक (मालगाड्या) रात्री ऐकू यायचे. अंथरुणात पडल्या पडल्या नॉच, म्हणजे ड्रायव्हर इंजिनाचा जोर ज्या टप्प्यांनी वाढवतो ते टप्पे, मोजायचो. आता वर तारा आल्या आणि तो आवाज गावातून गेला. मला तो या खोलीत परत हवा आहे.

डेकोडर लोकसाउंड 5, 21 पिनांचा, सोबत सोल्डर करायची अडॅप्टर पाटी. कस्टमसकट चौदा हजारांच्या आसपास पडला. म्हणून या नोंदी. एवढी वस्तू अंदाजाने जोडायची नाही, प्रत्येक पायरी लिहून ठेवायची.

11 जानेवारी

बॉडी काढली. मोटर जुन्या पद्धतीची आहे: खालचा ब्रश पितळी पट्टीने थेट चेसिसला टेकलेला, आणि चेसिस एका बाजूच्या रुळाशी जोडलेली. डीसीवर याने काही बिघडत नाही. डीसीसीमध्ये, म्हणजे रुळांतूनच डिजिटल हुकूम देण्याच्या पद्धतीत, मात्र रुळांवरची वीज आधी डेकोडरमध्ये जाते आणि डेकोडर ती मोटरला देतो. मोटरचं एक टोक रुळाला चिकटलेलं राहिलं, तर डेकोडर पहिल्याच क्षणी जळतो.

पट्टी उलटी करून तिचं टोक वर घेतलं. खाली वीज अडवणाऱ्या कॅप्टॉन टेपचे दोन थर दिले. मोटर परत बसवली, मल्टिमीटर बीपवर ठेवून तपासलं. वरचा ब्रश आणि डावा रूळ: बीप नाही. वरचा आणि उजवा: नाही. खालचा आणि डावा: नाही. खालचा आणि उजवा: बारीक बीप!

तासभर शोधलं. मोटर धरून ठेवणारा स्क्रू टेप फाडून आत शिरला होता. स्क्रू काढून टाकला आणि मोटर सिलिकॉनवर बसवली. आता चारही वेळा शांत.

मग मोटर किती करंट खाते ते पाहिलं. 12 व्होल्ट देऊन चाकं हाताने क्षणभर घट्ट धरली: 0.95 अँपिअर. डेकोडरची मोटरसाठीची मर्यादा 1.5 अँपिअर आहे. म्हणजे जागा आहे. हे माप न घेता डेकोडर जोडू नये, जुन्या मोटरींचा भरवसा नसतो.

18 जानेवारी

जोडणी. तारांचे रंग ठरलेले आहेत आणि ते पाळले की पुढे डोकं कमी दुखतं. लाल उजव्या रुळाला, काळी डाव्या रुळाला. नारिंगी आणि करडी मोटरला. पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या. निळी म्हणजे सगळ्या दिव्यांचा सामाईक पॉझिटिव्ह. तपकिरी जोडी स्पीकरची, आणि ती चेसिसला किंवा दुसऱ्या कुठल्याही तारेला लागता कामा नये, नाहीतर आवाजाचा भाग कायमचा जातो.

पुढचा एलईडी जळाला. चूक माझीच, रेझिस्टर लावायच्या आधी तपासायला वीज दिली. निळ्या तारेवर पंधराच्या आसपास व्होल्ट असतात आणि पांढऱ्या एलईडीला तीन लागतात. एक हजार ओहम लावला तर 12 मिलिअँपिअर जातात, उजेड डोळ्यात घुसतो. 2200 ओहम लावला: साडेपाच मिलिअँपिअर. जुन्या डिझेलच्या हेडलाइटसारखा पिवळट दिसावा म्हणून वॉर्म व्हाइट एलईडी घेतला.

26 जानेवारी

सकाळी झेंडावंदन, दुपारी पहिली वीज.

कंट्रोलसाठी डीसीसी-ईएक्स वापरतोय: आर्डुइनो मेगा हा छोटा संगणक-बोर्ड, वर रुळांना वीज देणारी मोटर शील्ड नावाची पाटी. तयार कमांड स्टेशन माझ्या बजेटात बसत नाही, आणि हे पूर्ण उघडं सॉफ्टवेअर असल्याने आत काय चाललंय ते कळतं. रुळांवर एकाच वेळी वीज आणि निरोप दोन्ही जातात. विजेची दिशा सतत उलटत राहते. अर्धा ठोका 58 मायक्रोसेकंदाचा असला तर तो 'एक', शंभर किंवा जास्त असला तर 'शून्य'. डेकोडर हे ठोके वाचून आपल्या पत्त्यावर आलेला निरोप ओळखतो.

प्रोग्रामिंगच्या, म्हणजे फक्त सेटिंग वाचायच्या-लिहायच्या, वेगळ्या रुळावर ठेवून सीव्ही 8 (सीव्ही म्हणजे डेकोडरमधली क्रमांक दिलेली सेटिंग) वाचला: 151. हा उत्पादकाचा ठरलेला क्रमांक. बरोबर आला म्हणजे दोन्ही रुळांची वीज पोचतेय, मोटर जोडलेली आहे आणि डेकोडर जिवंत आहे. एका वाचनात तिन्ही गोष्टी कळतात.

पत्ता 7220 द्यायचा ठरवला. आपल्या इंजिनांचे क्रमांक पाच आकडी, पण डीसीसीचा पत्ता 10239 च्या पुढे जात नाही, म्हणून शेवटचे चार आकडे. हिशेब हाताने केला: 7220 मध्ये 256 अठ्ठावीस वेळा जातात, उरतात 52. सीव्ही 17 मध्ये 192 अधिक 28, म्हणजे 220. सीव्ही 18 मध्ये 52.

लिहिलं, मुख्य रुळावर ठेवलं, 7220 ला हाक मारली. काही नाही. पत्ता 3 टाकल्यावर लगेच चालू झालं! कारण सीव्ही 29 मध्ये 14 होते. लांब पत्ता वापर, हे सांगणारे 32 त्यात मिळवलेच नव्हते. 46 लिहिल्यावर 7220 ने ओ दिली.

एफ8 दाबलं. आधी क्रँकिंगची, म्हणजे इंजिन सुरू होतानाची, घरघर, मग एकेक सिलिंडर पेटल्यासारखा खोकला, मग धकधक सुरू. स्पीकर अजून टेबलावर उघडाच पडलेला आहे, आवाज डब्यात अडकलेल्या माशीसारखा येतोय. तरीही अंगावर काटा आला.

2 फेब्रुवारी

आज प्रोग्रामिंगच्या रुळावर काहीच वाचता येईना. मुख्य रुळावर दिवे लागतात, आवाज येतो, पण इंजिन हलत नाही. डेकोडर गेला असं वाटून पोटात गोळा आला.

मग कारण लक्षात आलं. वाचताना डेकोडर उत्तर देतो ते करंटचा छोटा हिसका मारून: निदान 60 मिलिअँपिअर, सहा मिलिसेकंद. आणि तो हिसका तो मोटरमधून मारतो. मोटर जोडलेली नसेल तर तो मुका. करडी तार सोल्डरच्या सांध्यापाशी आतून तुटली होती, वरून आवरण मात्र अखंड. नवी तार, पाच मिनिटांचं काम. शोधायला दुपार गेली.

16 फेब्रुवारी

स्पीकर. या सगळ्या कामात सर्वांत जास्त ऐकून-करून शिकायला लावणारी गोष्ट हीच, म्हणून सविस्तर लिहितो.

स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. स्पीकर उघडा ठेवला तर मागची हवा कडेने पुढे येते आणि दोन्ही लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. बारीक, तीक्ष्ण आवाज तेवढे उरतात. म्हणून मागे बंद डबी हवी, हवा अजिबात न गळणारी.

तीन गोष्टी करून पाहिल्या. पहिली, डेकोडरसोबत आलेला 11 बाय 15 मिलिमीटरचा स्पीकर त्याच्याच डबीत: स्वच्छ पण कोता. दुसरी, गावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातून घेतलेला जुन्या फोनचा स्पीकर, जो आपल्या डबीसकटच येतो: आश्चर्य वाटावं इतका चांगला. तिसरी, तसेच दोन फोन स्पीकर मी एक मिलिमीटर प्लास्टिक शीटच्या मोठ्या डबीत बसवले, कडा सगळीकडून चिकटवल्या आणि डबी बॉनेटच्या मागच्या भागात, रेडिएटरच्या जाळीखाली ठेवली.

तिसरी पद्धत पहिल्यांदा ऐकली तेव्हा दुसऱ्याहून वाईट वाटली. डबी ओठांशी धरून फुंकलं तर तारा बाहेर येतात त्या भोकातून हवा निसटत होती. भोक एपॉक्सीने बुजवलं. फरक एवढा पडला की बायको स्वयंपाकघरातून आली आणि बाहेर ट्रॅक्टर थांबलाय का म्हणून विचारू लागली.

दोन्ही आठ ओहमचे, एकामागे एक जोडले, म्हणजे सोळा. डेकोडरला 4 ते 32 ओहम चालतात.

खर्जाबद्दल एक हिशेब. खरं इंजिन उभं असताना मिनिटाला 400 फेरे. चार स्ट्रोकचं, सोळा सिलिंडर, म्हणजे एका फेऱ्यात आठ स्फोट, सेकंदाला 53. फोनच्या स्पीकरला 53 हर्ट्झ काढणं शक्यच नाही. पण त्याच्या वरच्या पट्टीतले भाग नीट निघाले की खालचा नसलेला खर्ज कान स्वतःच भरून काढतो. म्हणून खर्ज वाढवायच्या मागे लागू नये. मी बास वाढवला तर पडदा फडफडायला लागला आणि होता तो आवाजही फाटला. पूर्ववत केला.

मीटरगेजच्या वायडीएम-4 ला हेच 251, पण सहाच सिलिंडर. तिथे सेकंदाला वीस स्फोट. ते पुढे कधीतरी.

26 फेब्रुवारी

महाशिवरात्र. गाव यात्रेने भरलंय, पाहुणे आहेत. काम नाही.

9 मार्च

महिनाभर छळणारी गोष्ट: इंजिन हळू चालताना मध्येच गप्प होतं आणि परत सगळी क्रँकिंगची घरघर पहिल्यापासून सुरू. साध्या डीसीवर याच ठिकाणी नुसता एक बारीक धक्का बसला असता, लक्षातही आलं नसतं. साउंड डेकोडर मात्र वीज क्षणभर तुटली की सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगतो.

इथे दोन कारणं एकत्र आहेत. एक गावाचं: थर्मलची राख. पत्र्याच्या फटीतून येते, पिठासारखी बारीक, दोन दिवसांत रुळांवर थर. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती फडक्याने रूळ पुसले की फडकं करडं होतं. आता रोज झाकतो, चालवण्याआधी पुसतो. सँडपेपर वापरायचा नाही, ओरखड्यांत राख आणखी घट्ट बसते.

दुसरं कारण इंजिनात. बारा चाकांपैकी खरंच वीज घेणारी किती, ते आधी तपासायला हवं होतं. मल्टिमीटरचं एक टोक उजव्या चाकांसाठी डेकोडरच्या लाल तारेला आणि डाव्या चाकांसाठी काळ्या तारेला, दुसरं एकेका चाकाला लावून पाहिलं. चार चाकांचा पत्ता नाही. दोन चाकांवर जुन्या तेलाची काळी पुटं होती, ती खरवडली. उरलेल्या दोघांना वीज घेणारी पट्टीच नव्हती. फॉस्फर ब्राँझची बारीक तार वाकवून चाकाच्या मागे हलकी टेकवली. दाब जास्त झाला की चाक घसटतं, कमी झाला की संपर्क तुटतो. सहा वेळा वाकवली.

आता सांध्यावर, फ्रॉगच्या (रूळ एकमेकांना छेदतात तिथल्या वीज नसलेल्या तुकड्याच्या) प्लास्टिकवरूनही आवाज तुटत नाही. फ्रॉग पंचवीस मिलिमीटरचा, पण दोन्ही बोगी, म्हणजे इंजिनाखालचे सहा-सहा चाकांचे संच, एकदम त्यावर येत नाहीत. बाराही चाकं कामाला असली की एक बोगी कायम चांगल्या रुळावर राहते.

16 मार्च

तरीही राखेच्या कणासाठी थोडा विजेचा साठा हवा. 470 मायक्रोफॅरडचे, 25 व्होल्टचे तीन कपॅसिटर, अडॅप्टर पाटीच्या पॉझिटिव्ह आणि ग्राउंडमध्ये. सोबत 100 ओहमचा रेझिस्टर, म्हणजे चालू करताना कपॅसिटर एकदम भरून शील्डवर झटका देणार नाहीत. पंधरा व्होल्टवर फार तर 0.15 अँपिअर. आणि त्या रेझिस्टरला समांतर डायोड, म्हणजे गरज पडली की वीज विनाअडथळा बाहेर येते. 16 व्होल्टचे कपॅसिटर घेऊ नयेत, रुळावरचा दाब त्याच्या अगदी जवळ असतो.

किती वेळ पुरतो? इंजिन 0.2 अँपिअर घेतंय आणि पंधरापासून नऊ व्होल्टपर्यंत उतरायला मुभा आहे असं धरलं, तर सेकंदाचा चोविसावा भाग. ऐकायला क्षुल्लक, पण राखेच्या कणाला तेवढं बास. चाकं नीट वीज घेत नसतील तर ते झाकायला हे पुरत नाही आणि पुरूही नये.

सीव्ही 29 मधले 4 काढून 42 केला. म्हणजे साध्या डीसीवर चालायची सोय बंद. वीज तुटताना डेकोडरला क्षणभर डीसी आल्याचा भास झाला, तर इंजिन सुसाट सुटू शकतं.

30 मार्च

गुढीपाडवा. शेजारचे काका आले. रेल्वेत ड्रायव्हर होते, डब्ल्यूडीएम-2 वर वर्षानुवर्षं काढलेली. पोळी खाऊन झाल्यावर म्हणाले, "दाव बरं तुझं इंजान, काय करायलास इतके दिवस?"

एफ8 दाबलं. डोळे मिटून ऐकत होते. क्रँकिंग संपल्यावर म्हणाले, "हे बराबर हाय. जनरेटरच मोटर होऊन इंजान फिरवतंय, म्हणून आधी तसं जड बोलायलंय."

मग नॉच वाढवला. "थांब. लई घाई करायलास. अल्को नॉच दिला की लगेच पळत नसतंय रे बाळा. आधी काळा धूर, मग टर्बोची शिट्टी वर चढती, मग गाडी उचलती. तुझं तर शिट्टीच्या आधीच पळायलंय."

त्यांच्या सांगण्यावरून वेग घ्यायला लागणारा वेळ ठरवणारा सीव्ही 3 चाळीसपर्यंत नेला, थांबायला लागणारा वेळ ठरवणारा सीव्ही 4 साठपर्यंत. त्याआधी सीव्ही 54 मध्ये शून्य लिहून एफ1 दाबलं. इंजिन दीडेक सेकंद झेपावतं, थांबतं आणि डेकोडर या मोटरचा स्वभाव मोजून घेतो. पुढे मोकळा सरळ रूळ ठेवावा. हे केल्यावर पहिल्या स्टेपला चाक किती हळू फिरतं, ते डोळ्यांनी पाहायला हवं.

काकांची दुसरी तक्रार घंटेबद्दल. "आपल्या इंजनाला घंटा कुठली?" अमेरिकन आवाजात ती एफ1 वर आहे. आणि हॉर्न तीन सुरांचा, मालगाडीचा वाटत नाही. तिसरी: "एक्सप्रेसर कुठाय?" आपल्याकडे व्हॅक्युम ब्रेक होता, म्हणून कॉम्प्रेसर आणि व्हॅक्युम ओढणारा एक्झॉस्टर एकाच यंत्रात, ते एक्सप्रेसर. अमेरिकन फाइलमध्ये त्याचा आवाज कुठून असणार? हे मला सुचलंच नव्हतं.

6 एप्रिल

मित्राचा लोकप्रोग्रामर, म्हणजे डेकोडरमध्ये आवाजाची फाइल भरायचं यंत्र, आठवड्यासाठी मिळाला. घंटा काढली. हॉर्न स्वतः रेकॉर्ड केलेला, दोन सुरांचा, लेव्हल क्रॉसिंगपासून दूर उभं राहून घेतलेला. जवळून घेतलेला आवाज फाटतो. सुरुवात, मधला भाग आणि शेवट असे तीन तुकडे केले. मधला भाग बटण दाबलेलं असेपर्यंत फिरत राहतो. त्याचा सांधा शून्यावर कापला नाही तर प्रत्येक फेरीला टक् ऐकू येतं. चार वेळा कापला. 16 बिट, मोनो.

फाइल डेकोडरमध्ये जात असताना लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, पण प्रोग्रामरचा अडॅप्टर भिंतीवर. लाइट आल्यावर इंजिन गप्प, दिवे नाहीत, 7220 ला उत्तर नाही. फाइल पहिल्यापासून पूर्ण लिहिली आणि ते परत आलं. आता अडॅप्टर इन्व्हर्टरच्या सॉकेटवर.

20 एप्रिल

दुपारी खोलीत 43 अंश. दुहेरी टेपने चिकटवलेला डेकोडर सुटून मोटरच्या फ्लायव्हीलवर पडला. नशीब, इंजिन उभं होतं. हॉट ग्लूही मऊ पडलाय. डेकोडर आता प्लास्टिकच्या छोट्या चौकटीत बसवला, वर टेपचं वेष्टण नाही. टेपमध्ये गुंडाळला की उष्णता कोंडते आणि लांब चढावर तो तापून स्वतःच बंद पडतो. रेडिएटरची खोटी जाळी ड्रिलने खरी केली. आवाजही मोकळा झाला.

4 मे

काका परत आले. वीस डब्यांचा रेक लावला, जागा तेवढीच आहे. पहिल्या नॉचला कपलिंग ताणले गेल्याचा आवाज डब्यांतून खरा येतो, तो डेकोडरमधला नाही. दुसरा नॉच, तिसरा. शिट्टी आता धुराच्या वेळेनंतर चढते.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग: "आवाज कमी कर. इंजान एवढं लहान, अन् बोलायलंय मोठ्या इंजनावानी. दूरवरून येतंय असं वाटू दे."

हे अगदी बरोबर आहे. 1:87 चं इंजिन हाताच्या अंतरावर असलं, तरी नजरेला ते पन्नास-साठ मीटरवर उभं असतं. आवाज तेवढ्याच अंतरावरचा हवा. एकूण आवाज ठरवणारा सीव्ही 63 एकशे ऐंशीवरून खाली आणत गेलो. 140 ला काकांनी मान हलवली नाही. 120 लाही नाही. 96 ला म्हणाले, "आता थर्मलच्या सायडिंगवरून यायलंय."

सीव्ही 63: 96. सीव्ही 3: 40. सीव्ही 4: 60. सीव्ही 29: 42. फाइल दोन ठिकाणी जतन केली. एक्सप्रेसरचा आवाज अजून मिळालेला नाही.